उभ्यानं काढलेलं वर्ष

माझं काम बसून करायचं आहे. भोरला एसटी स्टँडच्या मागच्या आळीत आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्यापुढं लाकडी स्टूल, आणि त्या स्टुलावर मी. लग्नसराईत दहा-दहा तास बसून मी ब्लाउज शिवत असे. त्यामुळं माकडहाडापाशी पहिल्यांदा दुखायला लागलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. बसून बसून दुखत असेल म्हणून स्टुलावर जुन्या गोधडीची घडी टाकली आणि हातातलं काम पुढं रेटलं.

चार दिवसांनी आंघोळ करताना तिथं गाठ हाताला लागली. जागा सांगायची तर कमरेच्या खाली, दोन कुल्ल्यांमधली घळ जिथं सुरू होते तिथं. आज हे मी लिहिते आहे, पण तेव्हा ती जागा तोंडानं उच्चारायचीही मला लाज वाटत होती. तीन आठवडे मी कुणाला काही सांगितलं नाही. मूळव्याध असेल असं धरून तिखट सोडलं, ताक पीत राहिले. बसताना कधी या मांडीवर भार, कधी त्या. झोपायचं पालथं.

माझे मिस्टर शिरवळला एका कंपनीत पाळीनं कामाला जातात. मी रोज त्यांच्याकडं पाठ करून, तोंड उशीत घालून पडते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एक दिवस जेवता जेवता त्यांनी विचारलं, "माझ्यावर राग धरलायस का?"

मी नाही म्हणाले. पण त्या दिवशी मला ताप भरला होता आणि मी उभ्यानं जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मग बसत का न्हाईस?"

"दुखतंय."

"कुठं?"

"खाली."

"खाली म्हंजे कुठं?"

आमची मुलगी बाहेर खेळत होती. मी दाराला कडी लावली, भिंतीकडं तोंड करून उभी राहिले आणि गाऊन वर केला. त्यांनी खाली वाकून बघितलं. मग म्हणाले, "लई सुजलंय. येवढं हुईपर्यंत गप कशी ऱ्हायलीस?"

मी गाऊन सोडला आणि दाराची कडी काढली.

गावातल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी चिरा देऊन पू काढला. दवाखान्यात डॉक्टर पुरुष, मदतनीस पुरुष. मी टेबलावरची चादर दातांत धरली होती. पू निघाला तसा खोलीभर वास सुटला आणि मला वाटलं, आता ही दोघं माणसं मला रस्त्यात ओळखतील. पण दुखणं मात्र एका क्षणात गेलं. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "केस आत रुतलेत. जागा कोरडी ठेवत जा." कुणाचे केस, कसे रुतले, हे विचारायच्या आत पुढचा पेशंट आत आला होता.

चार महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, ब्लाउजांचा ढीग मशीनवर पडलेला असताना गाठ परत आली.

या वेळी आम्ही हमरस्त्यावरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. आजाराचं नाव पायलोनायडल सायनस. वर कातडीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक, पण खाली बोगदा, आणि त्या बोगद्यात केसांचा पुंजका अडकलेला. तो पुंजका शरीराला परका, म्हणून सारखा पू होणार. "सगळा भाग कापून काढू आणि जखम उघडी ठेवू," ते म्हणाले. "खालून भरत वर यायला दीड-दोन महिने लागतील. रोज ड्रेसिंग करावं लागेल."

मी हो म्हणाले. दोन महिने म्हणजे काय असतात याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

ऑपरेशननंतर माझ्या पाठीखाली अर्धं लिंबू बसेल एवढा खड्डा होता. रोज त्यात कोंबलेली जाळीची पट्टी ओढून काढायची, जखम धुवायची, नवी पट्टी चिमट्यानं तळापर्यंत भरायची. जुनी पट्टी निघताना मांसाला चिकटलेली असायची. पहिले पंधरा दिवस मी रिक्षानं दवाखान्यात जायचे. बसता येत नव्हतं, म्हणून सीटवर गुडघे टेकून, पाठीची कुशन धरून, मागं तोंड करून. मागून येणारे मोटारसायकलवाले माझ्याकडं बघत यायचे. मी डोळे मिटून घ्यायचे.

मग नर्सनं यांना शिकवलं आणि ड्रेसिंग घरी सुरू झालं. चार दिवस यांनी केलं. पाचव्या दिवशी पट्टी अर्धी निघालेली असताना हे उठून मोरीत गेले. मी पालथी पडलेली होते. त्यांना उलटी झालेली मला ऐकू आली. त्यांनी तोंड धुतलं, परत आले, उरलेली पट्टी काढली, नवी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरताना ते म्हणाले, "मी आईला आणतो."

"त्यांना नको."

"दुसरं कोन हाय?"

दुसरं कुणी नव्हतं. माझं माहेर आंबवड्याचं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि भावजयीला तिच्या घरचंच आवरत नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या वेल्ह्याच्या वर, डोंगरातल्या पाच-सहा घरांच्या वस्तीत राहतात. दोन म्हशी आणि शेळ्या हा त्यांचा सगळा संसार. लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, त्यात त्या भोरला मोजून तीन वेळा मुक्कामाला राहिल्या असतील. आमचं भांडण कधीच नव्हतं. भांडायला सुद्धा काहीतरी बोलणं लागतं, ते आमच्यात नव्हतं. मला चढावर दम लागतो, धार काढता येत नाही, एवढं त्यांना माझ्याबद्दल माहीत होतं, आणि तेवढ्यावर त्यांचं माझ्याविषयीचं मत झालेलं होतं. अशा बाईपुढं मी रोज उघडी होऊन पडायचं, या विचारानं त्या दिवशी मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं.

आत्या गाठोडं घेऊन आल्या. पाणी प्यायल्या. कोपरापर्यंत हात साबणानं धुतले आणि म्हणाल्या, "पालथी पड."

मी पडले. त्यांनी पट्टी एकदम न ओढता कोमट मिठाच्या पाण्यानं भिजवली आणि थांबल्या. खूप वेळ थांबल्या. मग पट्टी आपोआप सुटून आल्यासारखी निघाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी ओरडले नाही. पण रडू मात्र आवरेना.

"रडू नगंस, आंग आखडतंय," त्या म्हणाल्या. "सैल सोड."

"मला लाज वाटती, आत्या."

"कशाची? म्हशीच्या खांद्याला किडं पडल्यालं म्या हातानं काढल्यात. ही तर सवच्छ जखम हाय."

त्यांच्या बोलण्यात माया अशी काही नव्हती. पण किळसही नव्हती. मला तेव्हा तेवढंच हवं होतं.

आत्या आठ दिवसांसाठी आल्या होत्या. आठाचे पंधरा झाले, पंधराचे चाळीस. मागं वस्तीवर शेळ्या माझ्या जावेच्या गळ्यात पडल्या होत्या. तिच्या मांडीवर तान्हं मूल, आणि दीर पानशेतला एका हॉटेलात कामाला. शनिवार-रविवारी पुण्याची गर्दी असली की त्यांना घरी यायलाच मिळत नाही. एक दिवस ड्रेसिंग चालू असताना त्यांचा फोन आला. आत्यांचे हात गुंतलेले, म्हणून मी मोबाईल माझ्या तोंडाशी गादीवर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

"आये, बिबट्यानं दोन न्हेल्या," दीर म्हणाले. "गाभन व्हती ती बी गेली. हिला येकलीला जमंना. बाकीच्यांचं काय करू? तू कवा येतीस?"

आत्यांचा हात माझ्या पाठीवर थांबला. चिमट्यात पट्टीचं टोक तसंच होतं.

"इकून टाक," त्या म्हणाल्या.

"समद्या?"

"समद्या. आता ठिव फोन, माजं हात वल्लं हायती."

त्यांनी पट्टी पुन्हा भरायला घेतली. मी तोंड उशीत दाबून पडले होते. "आत्या, तुमी जावा घरी," असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले नाही. त्या गेल्या तर माझं काय होईल, एवढंच माझ्या मनात आलं. ती गोष्ट मला आजही टोचते.

जखम वरून भरत आली होती. गिऱ्हाईकं तुटायला नकोत म्हणून यांनी मशीनच्या चारी पायांखाली सिमेंटच्या विटा घातल्या, मोटर बसवली, आणि मी उभ्यानं शिवायला लागले. एका पायावर भार, दुसऱ्या पायाचा अंगठा मोटरच्या पॅडलवर. दुपारपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. मग पालथं पडायचं, परत उठायचं. मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळेत आईवर पाच ओळी लिहायला सांगितल्या, तर तिनं पहिलीच ओळ लिहिली, माझी आई बसत नाही. बाईंनी खाली बरोबरची खूण केलेली होती.

तीच मुलगी एक दिवस शाळेतून आली आणि मी गादीवर पालथी पडलेली बघून हसत माझ्या पाठीवर येऊन बसली. आधी ती रोज तशी बसायची. मला इतकी कळ आली की मी काही न बघता तिला हातानं भिरकावली. ती मशीनच्या कडेवर आपटली आणि भुवईवरून रक्त आलं. आत्यांनी तिला उचललं, जखमेवर हळद दाबली. पोर रडत नव्हती. ती माझ्याकडं नुसती बघत होती. त्यानंतर कित्येक महिने ती माझ्याजवळ येताना आधी विचारायची, "आई, येऊ का?"

माघाच्या शेवटी जखम मिटली. डॉक्टरांनी बघितलं, ड्रेसिंग बंद करायला सांगितलं. आत्यांनी गाठोडं बांधलं. त्या एसटीत बसणार त्याच सकाळी मला आतून ठणका सुरू झाला, आणि संध्याकाळपर्यंत वरची नवी कातडी फुटून पू बाहेर आला. कातडी वरून जुळली होती, आत पोकळी तशीच राहिली होती. डॉक्टर म्हणाले, असं काही जणांत होतं, परत उघडून ड्रेसिंग चालू ठेवावं लागेल. दोष त्यांचा नव्हता, त्यांनी हे आधीच सांगितलं होतं. पण मी दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले आणि मला पुढची पायरी उतरता येईना. यांनी दंडाला धरून खाली घेतलं.

तिथून पुढचे दिवस मला नीट वेगळे आठवत नाहीत. सगळे एकाच रंगाचे होते. सकाळी ड्रेसिंग, उभं राहणं, पालथं पडणं, ड्रेसिंग. गिऱ्हाईकं हळूहळू दुसरीकडं गेली. हे कामावरून आले की पुढच्या खोलीतच अंथरूण घालायचे. एका दुपारी मी आत्यांना म्हणाले, "आत्या, मला आता जगावंसं वाटत न्हाई."

त्या जखम धूत होत्या. धुवायच्या थांबल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सांच्याला काय रांधू त्ये सांग."

त्यांनी परत विचारलं. मी उत्तर देईपर्यंत त्या विचारत राहिल्या. शेवटी मी म्हणाले, "पिठलं."

"आन भात घालू का भाकरी?"

"भात."

मग त्या उठल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला घरात एकटं सोडलं नाही, अगदी मुलीला शाळेत सोडायलाही शेजारणीला सांगायला लागल्या. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

माझे केस तेव्हा कमरेच्या खाली होते. आईनं लहानपणापासून तेल लावून वाढवलेले. मला स्वतःचं दुसरं काही फारसं आवडायचं नाही, केस आवडायचे. वेणीचं टोक चालताना बरोबर त्या जागेवर हलायचं, पण त्याचा विचार कधी माझ्या मनात आला नव्हता. चैत्रात एका सकाळी आत्यांनी चिमट्यानं जखमेतून काहीतरी ओढलं. मला आतून दोरा सरकल्यासारखं वाटलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

"ह्यो तुज्या डोस्क्याचा हाय," त्या म्हणाल्या. "बग, केवडा लांब."

वीतभर केस होता. त्यांनी तो वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवला. मी दिवसभर त्या कागदाकडं बघत होते. माझेच केस गळून माझ्याच अंगात शिरत होते आणि मी रोज त्यांना तेल लावत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारीण गावाला गेलेली होती, म्हणून आत्यांनाच मुलीला सोडायला जावं लागलं. मी कापड कापायची मोठी कात्री घेतली, वेणी मानेपाशी धरली आणि कापली. जाड वेणी, एका दमात कापली जात नव्हती. करकर आवाज करत तीन-चार वेळा कात्री चालवावी लागली. मग उरलेले केस जसे हाताला येतील तसे कापत सुटले.

आत्या परत आल्या तेव्हा मी केसांच्या ढिगात उभी होते. आमच्याकडं नवरा जिवंत असताना बाई केस काढत नाही. त्या उंबऱ्यात थांबल्या. मग आत आल्या आणि त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. एकदाच. त्यांचा हात जड आहे. माझ्या कानात कितीतरी वेळ वाजत राहिलं.

त्यानंतर त्यांनी केरसुणी घेतली. सगळे केस गोळा केले. फडकं ओलं करून गुडघ्यावर बसून दोन्ही खोल्यांची फरशी पुसली, गादी बाहेर नेऊन झटकली, चादरी बदलल्या. "येक बी ऱ्हाता कामा न्हाई," असं स्वतःशीच म्हणत होत्या. शेवटी माझ्या हातातली कात्री घेतली, मला खिडकीकडं तोंड करून उभं केलं आणि मानेवरचे वेडेवाकडे केस सारखे कापून दिले.

संध्याकाळी हे आले. दारातच थबकले. माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. जेवायला बसले. मग हात धुताना म्हणाले, "कुनी कापलं?"

"म्या," आत्या म्हणाल्या.

हे बाहेर गेले. मी आत्यांकडं बघितलं. त्या भांडी गोळा करत होत्या.

केस कापूनही जखम भरली नाही. हे मला लिहावंच लागेल, कारण मला खात्री होती की आता भरेल. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. वरून बोटाच्या पेराएवढी चीर उरली होती, पण तिच्यातून रोज पू यायचा. आत्या आता गावाकडचं नावही काढत नव्हत्या.

मग एक जुनं गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आलं. बँकेत काम करणारी बाई. मी उभ्यानं का शिवते हे तिनं विचारलं, आणि मी सांगून टाकलं. लाज वाटायचे दिवस मागं गेले होते. ती म्हणाली, "माझ्या भावाला हेच होतं. त्याचं पुण्यात लेझरनं केलं. मोठं कापत नाहीत." तिनं जुन्या पावतीच्या मागं पत्ता लिहून दिला.

हे म्हणाले, "परत कापायचं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. रजाही मिळत नव्हती. आत्या म्हणाल्या, "म्या जाते हिला घिऊन."

भोर ते स्वारगेट मी एसटीत उभी राहिले. गाडी निम्मी रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, बसा की." कापूरहोळला एक म्हातारा उठून जागा द्यायला लागला. मी नको नको म्हणत होते, लोक बघत होते. आत्या माझ्या शेजारी दांडा धरून उभ्या होत्या. मी त्यांना म्हणाले, "तुमी तरी बसा." त्या म्हणाल्या, "आसू दे." पासष्टी ओलांडलेली बाई कात्रजचा बोगदा येईपर्यंत, आणि त्याच्या पुढंही, माझ्यासोबत उभी राहिली. नंतर कुणी आम्हांला बसा म्हणालं नाही.

पुण्याच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आधी एमआरआय करून घेतला. तो बघून म्हणाल्या, आत दोन बोगदे राहिलेत. मग विचारलं, "काम काय करता?"

"शिवणकाम."

"मग सोपं आहे सांगायला. परकराच्या नेफ्यात नाडी कशी ओवता? तशी एक बारीक तार या बोगद्यात घालायची. आधी आतले केस आणि घाण खरवडून काढायची. तारेच्या टोकातून लेझर येतो. तार हळूहळू मागं ओढत आणायची, म्हणजे आतलं अस्तर जळत येतं आणि दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. वर फक्त लहान भोकं राहतात."

"परत होनार न्हाई ना?"

"होणारच नाही असं मी सांगणार नाही. काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. पण आधी केली तशी मोठी जखम मी करणार नाही. आणि तिथले केस कायम काढत राहावे लागतील."

मला खोटं ऐकायचं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. आत्या मात्र बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ही खरं बोलती. हिच्याकडंच करू."

कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं. मला पालथं झोपवून दोन्ही बाजू चिकटपट्टीनं ताणून धरल्या. दुखत काही नव्हतं, पण मशीनचा बारीक आवाज थांबून थांबून यायचा, आणि मग केस जळल्याचा वास आला. तो वास आल्यावर मी टेबलावर रडायला लागले. नर्सनं विचारलं, "दुखतंय का?" मी मानेनंच नाही म्हटलं. अर्ध्या तासात सगळं झालं. बाहेर आत्यांनी डॉक्टरांना विचारलं, "काय निगालं त्ये मला दावा." डॉक्टरांनी कापसावर ठेवलेला केसांचा पुंजका दाखवला. आत्यांनी तो नीट वाकून बघितला.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. हे कंपनीतल्या मित्राची गाडी घेऊन आले होते, मी मागच्या सीटवर पालथी. आता कोंबायची पट्टी नव्हती, वर नुसती जाळीची घडी. तरी कितीतरी दिवस भोकांतून पाणी येत होतं, आणि रोज सकाळी ती घडी काढताना आत्यांचा आणि माझा श्वास एकाच वेळी थांबायचा. पाचव्या आठवड्यात घडीवर रक्ताचा ठिपका दिसला. मी त्या दिवशी जेवले नाही. फोनवर डॉक्टर म्हणाल्या, नवी कातडी नाजूक असते, घासून येतं कधी. ठिपका परत आला नाही. पण मी रोज तो शोधत होते.

दिवाळी होऊन गेल्यावर आत्या वेल्ह्याला परतल्या. जवळपास एक वर्ष त्या आमच्याकडं राहिल्या होत्या. शेळ्यांचं खोपट मोकळं होतं, जावेनं त्यात सरपण भरून ठेवलं होतं. आत्यांनी काही तक्रार केली नाही, असं दीर फोनवर म्हणाले.

मी परत बसायला लागले. आधी पाच मिनिटं, मग पंधरा. आता अर्धा-पाऊण तास बसते, मग उठते. केस मानेपर्यंतच ठेवले आहेत. हे अजूनही पुढच्या खोलीत झोपतात. आम्ही भांडत नाही. एकदा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, पण तो कमरेच्या वरच थांबला, आणि थोड्या वेळानं त्यांनी तो काढून घेतला. मला वाटतं, त्यांना ती जखम अजून दिसते. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मलाही ती दिसते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही तिघं मोटारसायकलवरून आत्यांकडं गेलो. नसरापूरवरून, मार्गासनीवरून, मधे दोनदा थांबत. रस्ता संपल्यावर वर चालत. मला दम लागला, आत्यांनी तो अंगणातून बघितला. पाणी दिलं आणि यांना म्हणाल्या, "पोरीला घिऊन जरा भायेर जावा." मग दार लोटलं आणि मला म्हणाल्या, "पालथी पड."

घोंगडीवर मी पालथी पडले. त्यांना हल्ली जवळचं कमी दिसतं. मोतीबिंदू आहे, काढून घ्या म्हणून आम्ही मागं लागलो आहोत. त्यांनी वाकून बघितलं, मग बघायचं सोडून बोट फिरवलं. वरून खाली, परत वरून खाली. एके ठिकाणी जरा दाबलं.

"दुखतंय?"

येताना दोन तास बसले होते. तिथं बारीक ठणकत होतं. बसल्याचं असेल, कदाचित नुसतं बसल्याचंच.

"न्हाई," मी म्हणाले.

त्या हात धुवायला उठल्या. बाहेर मुलगी म्हशीला काहीतरी सांगत होती. मी साडी खाली ओढली आणि तशीच थोडा वेळ पडून राहिले.